लघवीच्या बाटलीत 'घाई' सापडते का?

आमच्या लॅबच्या खिडकीशी सकाळी साडेसातला एक आजी आल्या. सोबत सून. आजींच्या हातात रुमालात गुंडाळलेली सॅम्पलची बाटली, म्हणजे कुणाच्या नजरेस पडायला नको. बाटली पुढे सरकवून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यात कळेल ना, मला एवढी घाई का होते ते? लागली की लागली. कडी लावेपर्यंत पण दम निघत नाही."

दुपारी रिपोर्ट तयार झाला. साखर नाही, प्रथिनं नाहीत, पस सेल्स (पूच्या पेशी) २ ते ३, लाल पेशी नाहीत. सगळं 'नॉर्मल'. सुनेला हायसं वाटलं. आजींचा चेहरा मात्र पडला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आपण उगाच बोंब मारतोय, असाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला.

हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे काउंटरवर उभ्याउभ्या दोन मिनिटांत सांगता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

डॉक्टर ज्याला 'ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात, मराठीत अतिसक्रिय मूत्राशय, त्याची आज वापरात असलेली व्याख्या २००२ साली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने ठरवली. ती अशी: अचानक, रोखता न येण्यासारखी लघवीची घाई. त्याबरोबर बहुधा दिवसा वारंवार जाणं आणि रात्री उठावं लागणं. कधी कपडे ओले होतात, कधी होत नाहीत. आणि या सगळ्याला संसर्ग किंवा दुसरा ठळक आजार कारण नसावा. नीट पाहिलं तर या व्याख्येत एकही आकडा नाही. रक्तदाब १४० च्या वर किंवा साखर १२६ च्या वर अशी रेघ इथे मारलेली नाही. ही व्याख्या म्हणजे बाईने सांगितलेली तक्रार, नीट मांडलेली. आजी म्हणाल्या "दम निघत नाही", तिथेच निम्मं निदान झालं होतं.

मग यंत्राने मोजता येत नाही का? येतं. युरोडायनॅमिक्स नावाची तपासणी असते. मूत्राशयात बारीक नळी घालून हळूहळू पाणी भरतात आणि आतला दाब पाहतात. भरत असतानाच स्नायू मध्येच आखडला तर दाबाची रेषा वर उसळते. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये जुळवून पाहिलं तेव्हा काय निघालं? घाई होते आणि कपडेही ओले होतात अशा बायकांपैकी फक्त ५८ टक्क्यांत ती उसळी दिसली. घाई होते पण कपडे कोरडे राहतात अशांमध्ये ४४ टक्के. म्हणजे नळी घालून, संकोच सोसूनही जवळपास निम्म्या बायकांना 'काही दिसलं नाही' हेच उत्तर. वयस्कर बाईला तर ही तपासणी नकोशीच असते.

त्यामुळे गेली पंधरा-वीस वर्षं संशोधकांची नजर आमच्या काउंटरवरच्या त्या बाटलीकडे वळली आहे. लघवी मूत्राशयात तासन् तास साठून असते, त्याच्या अस्तराला लागून असते. तिथे काही बिनसलं असेल तर त्याचा रासायनिक माग लघवीत उतरायला हवा, नाही का? हा माग म्हणजेच बायोमार्कर.

चांगला बायोमार्कर कसा असतो हे घरोघरी माहीत आहे, फक्त त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही. मेडिकलमध्ये मिळणारी गरोदरपणाची पट्टी. तिच्यावरची दुसरी रेघ एचसीजी या एका द्रव्यामुळे उमटते. गर्भ रुजला की ते तयार होऊ लागतं, एरवी लघवीत ते जवळजवळ नसतंच. एक प्रश्न, एक द्रव्य, एक उगम. वय वीस की चाळीस, याने फारसा फरक पडत नाही. घाईसाठी अशी पट्टी हवी होती. ती अजून मिळालेली नाही. का मिळाली नाही, ती गोष्ट मला पट्टीपेक्षाही रंजक वाटते.

पूर्वी समजत असत की मूत्राशयाचं अस्तर म्हणजे टाकीला आतून लावलेलं वॉटरप्रूफिंग. १९९७ मध्ये सशाच्या मूत्राशयावर प्रयोग झाले आणि दिसलं की अस्तर ताणलं गेलं की त्यातून एटीपी नावाचं द्रव्य बाहेर पडतं. एटीपी आपण शाळेत शिकतो ते पेशीचं इंधन म्हणून. पण जेफ्री बर्नस्टॉक या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच मांडलं होतं की नसा त्याचा निरोप धाडायलाही वापर करतात. तेव्हा बरेच जण त्याला हसले होते. मूत्राशयात हेच घडतं: टाकी भरत आली की अस्तर एटीपी सोडतं, शेजारच्या नसा तो झेलतात आणि 'भरलंय' हा निरोप मणक्यातून मेंदूकडे जातो. हा निरोप झेलणारा नसांवरचा ग्राहक (रिसेप्टर) २००० साली ज्या उंदरांतून काढून टाकला, त्यांचं मूत्राशय मोठं होईपर्यंत भरत राहिलं आणि ते कमी वेळा मुतले. म्हणजे अस्तर टाकीचं प्लास्टर नाही, टाकीतला फ्लोट आहे. आणि काही बायकांमध्ये हा फ्लोट पाव टाकीलाच वर येत असावा.

मग लघवीतला एटीपी मोजावा. काही अभ्यासांत घाई असलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळलाही. पण आता लॅबवाल्या बाईचं ऐका. एटीपी हे अत्यंत नाशवंत द्रव्य. नमुना ताबडतोब बर्फावर नाही ठेवला तर तो फुटत जातो. आमच्याकडे येणारी बाटली पर्समधून, रिक्षातून, कधी दोन तासांनी येते. दुसरं म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी असतो, जंतूंतही. हॉस्पिटलमधला ओटा स्वच्छ आहे का हे पाहण्यासाठी काजव्याच्या शरीरातल्या प्रथिनावर चालणारी एक चाचणी वापरतात: एटीपी असेल तिथे प्रकाश पडतो, प्रकाश जास्त म्हणजे मळ आणि जंतू जास्त. लघवीतला एटीपी मोजायचीही हीच पद्धत. म्हणजे दिवा लागला तरी तो अस्तराने लावला की जंतूंनी, हे दिवा सांगत नाही.

दुसरा मोठा उमेदवार एनजीएफ, म्हणजे नसांची वाढ घडवणारं प्रथिन. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना त्याच्या शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. शोधाच्या काळात हे प्रथिन भरपूर सापडलं ते सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत, ही माझी आवडती माहिती. मूत्राशयाचा स्नायू आणि अस्तरही ते बनवतात. ते वाढलं की संवेदना नेणाऱ्या नसा हळव्या होतात. २००८ च्या सुमारास तैवानमधल्या डॉ. कुओ यांच्या गटाने दाखवलं की घाई असलेल्यांच्या लघवीत एनजीएफ जास्त असतं. ज्यांना औषधाने बरं वाटलं त्यांच्यात ते पुढे उतरलं. आशा फार वाढल्या. पाठोपाठ पोर्तुगालमधल्या पोर्टो इथून त्याच घराण्यातल्या बीडीएनएफ या प्रथिनाबद्दलही तसेच निष्कर्ष आले.

मग गाडी अडखळली. मूतखड्यातही एनजीएफ वाढतं, संसर्गात वाढतं, मूत्राशयाच्या कर्करोगातही वाढतं. म्हणजे 'मूत्राशय चिडलंय' एवढंच ते सांगतं, का चिडलंय ते नाही. त्यातच काही संशोधकांनी एनजीएफ मोजायचे बाजारातले किट तपासले, आणि ते नेमकं एनजीएफच पकडतात का याबद्दलच शंका निघाली. आमच्या धंद्यात यासारखं दुखणं नाही. वजनकाटाच बिघडलेला असेल तर आधीची सगळी बिलं पुन्हा पाहावी लागतात.

शिवाय एक गैरसमज आहे जो वर्तमानपत्रांतल्या 'आता साध्या चाचणीने निदान' छापाच्या बातम्या पसरवतात. दोन गटांची सरासरी वेगळी निघणं आणि एका बाईचं निदान होणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते, यात वाद नाही. पण मी तुम्हाला फक्त इतकंच सांगितलं की दाराबाहेर ५ फूट ४ इंच उंचीचं कुणीतरी उभं आहे, तर तो पुरुष की बाई हे सांगाल का? नाही सांगता येणार. एनजीएफ, बीडीएनएफ, एटीपी, प्रोस्टाग्लँडिन, सूज दाखवणारी एमसीपी-१ सारखी प्रथिनं, सगळ्यांची गत साधारण हीच. गटात फरक दिसतो, पण घाई असलेल्या आणि नसलेल्या बायकांचे आकडे मधल्या पट्ट्यात एकमेकांत मिसळलेले. म्हणून हल्ली चार-पाच द्रव्यं एकत्र मोजून, वय वगैरे धरून संगणकाकडून अंदाज काढण्याकडे कल आहे. वाट योग्य आहे, पण लांबची आहे.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही वयाला लागू. म्हाताऱ्या बाईच्या बाटलीत आणखी एक गुंता असतो, आणि त्याची चर्चा मला सगळ्यात कमी ऐकू येते.

लघवी कधी पातळ असते, कधी दाट. सकाळी ताकाचा तांब्या रिकामा केला तर पातळ, उपवासाच्या दिवशी पाणी कमी पडलं तर दाट. द्रव्य तेवढंच असलं तरी पातळ लघवीत ते कमी भरतं. डेअरीत नुसतं लिटरवर दूध घेत नाहीत, फॅट लावतात, तसंच इथे काहीतरी लावावं लागतं. त्यासाठी क्रिएटिनिन वापरतात. क्रिएटिनिन स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात बाहेर पडतं, असं धरून त्याने भागतात. एनजीएफ भागिले क्रिएटिनिन. लघवी पातळ झाली तर वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे सारखेच घटतात आणि भागाकार तोच राहतो. छान युक्ती.

पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि सत्तरीच्या बाईचे स्नायू झडलेले असतात. एक कल्पित हिशेब करू. चाळिशीच्या सूनबाईंच्या लघवीत एखादं द्रव्य १०० एकक आणि क्रिएटिनिन १ एकक. भागाकार १००. आजींच्या लघवीतही ते द्रव्य १०० एककच, पण दंड काटकुळे, मांड्या सुकलेल्या, क्रिएटिनिन अर्धा एकक. भागाकार २००. कागदावर आजींचा मार्कर सुनेच्या दुप्पट झाला, आणि मूत्राशयात काडीचाही फरक नाही! वाढला तो भाज्य नाही, घटला तो भाजक. एखाद्या अभ्यासात घाई असलेल्या बायका वयाने मोठ्या आणि नसलेल्या तरुण असतील, तर 'मार्कर वाढलेला सापडला' या वाक्याकडे मी म्हणूनच जरा तिरक्या नजरेने बघते.

जंतूंची बाब तर वेगळीच. लघवी निर्जंतुक असते असं आम्हाला शिकवलं गेलं. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, एका मिलिलिटरमागे १ लाख जंतू ही जी रेघ आपण मानतो, ती एडवर्ड कास यांनी १९५६ च्या सुमारास मूत्रपिंडाचा संसर्ग ओळखायला आखली होती, मूत्राशयाच्या घाईसाठी नव्हे. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये नळीने काढलेल्या लघवीचे ६५ नमुने नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात घेऊन, निरनिराळ्या माध्यमांवर, जास्त वेळ वाढवले. ५२ नमुन्यांत जंतू उगवले. त्यातले ४८ नेहमीच्या पद्धतीने 'नो ग्रोथ' होते. म्हणजे मूत्राशयात आपलं एक जंतूंचं गाव वसलेलं असतं, आतड्यात असतं तसं. घाई असलेल्या आणि नसलेल्या बायकांची ही गावं वेगळी असतात का, यावर आता काम चालू आहे. उद्याचा बायोमार्कर एखादं प्रथिन नसून कदाचित गावाची ही वस्तीच असेल.

आजच्या व्यवहारात मात्र यातून एक गोष्ट नक्की लक्षात घ्यायची. वाढत्या वयात बऱ्याच बायकांच्या कल्चरमध्ये जंतू सापडतात, पण त्यांना जळजळ नसते, ताप नसतो, काही नवीन त्रास नसतो. अशा वेळी फक्त रिपोर्टकडे बघून अँटिबायोटिक देऊ नये, असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनातही पुन्हा सांगितलंय. मी काउंटरवर उलटंच बघते. घाई होते, कल्चर होतं, जंतू निघतात, पाच दिवसांचा कोर्स. घाई तशीच. पुन्हा कल्चर, पुन्हा कोर्स, या वेळी वरचं औषध. तिसऱ्या खेपेला त्या जंतूवर गोळी चालेनाशी होते आणि आमच्या रिपोर्टात 'आर', म्हणजे रेझिस्टंट, अशी रांग लागते. त्यात कधीकधी जंतू मूत्राशयातले नसतातच. पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ होते, तिथले उपकारक जंतू घटतात, आणि नमुना घेताना बाहेरचंच काही बाटलीत पडतं. रिपोर्टात एपिथेलियल सेल्स, म्हणजे त्वचेच्या-अस्तराच्या पेशी, खूप दिसल्या की आम्हाला कळतं की सॅम्पल नीट घेतलं गेलेलं नाही. पहिली धार सोडून मधली धरा, हे सांगायला आम्हीही घाई करतो, हे कबूल करते. (योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमने अशा बायकांची घाई आणि वारंवारचा संसर्ग दोन्ही कमी होऊ शकतात. डॉक्टरांना लाजत लाजत का होईना, पण विचारावं.)

मग बायोमार्कर शोधणं सोडून द्यावं का? माझं मत विचाराल तर प्रश्न बदलावा. 'हिला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर आहे का?' हे बाई स्वतः सांगते, त्यासाठी महागडं किट कशाला? अमेरिकेच्या एफडीए (औषधांना मंजुरी देणारी) आणि एनआयएच (आरोग्य संशोधनाची) या सरकारी संस्थांनी २०१६ मध्ये बायोमार्करचे प्रकार नीट वेगळे करून मांडले. त्यात निदान करणारा एक, आणि कुठलं औषध कुणाला लागू पडेल हे आधीच सांगणारा दुसरा. आजींना हा दुसरा हवाय. कारण औषधं भात्यात बरीच आहेत आणि कुठला बाण लागेल हे मारल्याशिवाय कळत नाही. ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वयस्करांमध्ये त्यांचा विसराळूपणाशी संबंध जोडला गेलाय. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करतं, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. त्यापुढे मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं. शिवाय रेझनिक आणि याल्ला या डॉक्टरांनी १९८७ मध्ये वृद्धांमधलं एक विचित्र दुखणं दाखवलं: मूत्राशय नको तेव्हा आखडतं, पण हवं तेव्हा पूर्ण रिकामं करायची ताकद त्यात नसते. अशा बाईला स्नायू सैल करणारं औषध दिलं तर लघवी तुंबू शकते. हे आधीच ओळखणारं काही बाटलीत सापडलं, तर त्याला मी पहिला नमस्कार करीन. तोवर लघवी करून झाल्यावर आत किती उरली हे सोनोग्राफीवर बघणं हाच साधा उपाय.

आणि दुसरा साधा उपाय म्हणजे वही. डॉक्टर त्याला ब्लॅडर डायरी म्हणतात. तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता गेलो, किती मिलिलिटर झाली, घाई होती का, कपडे ओले झाले का, आणि काय किती प्यालो. बस. मी आजींना तेच करायला सांगितलं. आठवड्याने त्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंच काढून घेऊन आल्या, पाठीमागे पेन्सिलीने आकडे. एका दिवसाची बेरीज १५०० मिली. त्यातली झोपल्यापासून ते सकाळच्या पहिल्या खेपेपर्यंतची ६०० मिली, म्हणजे ४० टक्के. वयस्करांत रात्रीचा वाटा ३३ टक्क्यांवर गेला तर मूत्राशय चिडखोर आहे एवढंच धरून चालत नाही. मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी बनवतायत. पायांत दिवसभर उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत फिरतं, कधी हृदय, कधी झोपेत श्वास अडकणं, कधी संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी. आजींचे घोटे सुनेने दाबून पाहिले. बोटाचा खड्डा राहिला. डॉक्टरांकडे त्या कागदासकट गेल्या. जगातल्या कुठल्याही एनजीएफच्या किटने ही गोष्ट सांगितली नसती.

लघवीत रक्त दिसलं, ताप आला, ओटीपोटात तड लागून लघवीच होईना, किंवा पाय एकाएकी बधिर झाले तर वही वगैरे बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा.

एसटीत पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं. तरीही आजी चार वर्षं माहेरच्या जत्रेला गेल्या नव्हत्या. गाडी मध्ये थांबेल की नाही याचीच धास्ती. जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणीच नाही प्यायचं, हा त्यांचा उपाय. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला आणखी झोंबते आणि बद्धकोष्ठ वाढतं ते वेगळंच.

जाता जाता त्यांनी विचारलं की मिलिलिटर मोजायला काय वापरायचं पुढच्या वेळी, कारण या खेपेला त्यांनी नातवाच्या औषधाचं झाकण वापरलं होतं, सहाशे मिली मोजायला! मेडिकलमध्ये प्लास्टिकचा मोजमापाचा मग मिळतो, तो घ्या म्हटलं. घरातलं तेल मोजायचं जुनं माप वापरलंत तरी चालेल, फक्त ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.